पोरांची टवाळखोरी : पोलिसात जाण्याआधी गावानं काय करावं, काय करू नये

अंधेरी पूर्वेला मरोळ इथं मुंबई पोलिसांचं मैदान आहे. भरती निघाली की गावाकडची पोरं १६०० मीटर धावायला आणि गोळा फेकायला तिथं जातात. मैदानी झाली, लेखी झाली, तरी शेवटी चारित्र्य पडताळणी असतेच. मिरवणुकीतल्या मारामारीचा जुना गुन्हा नेमका तेव्हा वर येतो. तो अर्जात लपवला तर अजून अवघड. माहिती लपवल्यास नेमणूक रद्द होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात सांगितलं आहे. त्यामुळं "केस ठोका" म्हणणाऱ्यांनी आणि "जाऊ द्या, पोरं आहेत" म्हणणाऱ्यांनीही नियम माहीत करून घ्यावेत.

वय १८ च्या आत असेल तर

अशा पोराला बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू होतो. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढं हजर करावं लागतं. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो, गावानं आधी त्यालाच भेटावं. किरकोळ प्रकरणात सहसा एफआयआर होत नाही, डायरीत नोंद होते आणि पोराच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडं जातो. पण सोबत मोठी माणसं असतील तर एफआयआर होतो. वीस-बावीस वर्षांच्या टोळक्यात दहावीचं पोरगं फिरत असेल तर आईबापानं हे ध्यानात घ्यावं.

मंडळ समज देऊन सोडतं, समुपदेशनाला पाठवतं, समाजसेवा करायला लावतं किंवा पालकांना दंड करतं. जास्तीत जास्त ३ वर्षं विशेष गृहात ठेवता येतं. मात्र "अल्पवयीनला काही होत नाही" ही समजूत खोटी आहे. ज्या गुन्ह्याला किमान ७ वर्षं शिक्षा आहे, त्यात १६ वर्षांवरच्या मुलावर मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो.

गाडीचं तर विचारूच नका. सायलेन्सर काढलेली बुलेट घेऊन पोरगं शाळेसमोर फेऱ्या मारतं आणि बापाला त्याचं कौतुक! अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. पोराला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन मिळत नाही.

व्हिडिओ फिरवू नका

पोराला पकडलं, उठाबशा काढायला लावल्या आणि व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला, असं सर्रास चालतं. असं करू नये. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलाचं नाव, फोटो, शाळा प्रसिद्ध करणं हा कलम ७४ खाली गुन्हा आहे. त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हिडिओ काढलाच असेल तर तो फक्त पोलिसांना द्यावा.

पुरवणारा कोण, ते बघा

पोरं बिघडली म्हणून ओरडण्याआधी त्यांना दारू, गुटखा कोण देतं ते बघावं. लहान मुलाला दारू, तंबाखू किंवा नशेचा माल देणाऱ्याला कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. हे कलम पोलिसात जाऊन मागणारी गावं फार कमी. परवानाधारक दारू दुकान असेल तर बायकांच्या मतदानानं बाटली आडवी करता येते, अवैध धंद्याची खबर ११२ वर देता येते.

तंटामुक्त समिती कुठपर्यंत?

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना सुरू झाली. बऱ्याच गावांत समिती आता फलकापुरतीच उरली आहे, पण जिथं ती बसते तिथं पारावरची हुल्लडबाजी, डीजेचा वाद, किरकोळ हाणामारी यावर पालकांना समोर बसवून तोडगा निघतो. पोलीस पाटलांना सोबत घ्यावं आणि ठरलेलं लिहून ठेवावं.

मुलीची छेड मात्र समितीत मिटवायची नाही. मुलगी १८ च्या आतली असेल तर लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हाच पोक्सोखाली गुन्हा ठरतो, मग तो समितीचा अध्यक्ष का असेना. अशा वेळी थेट ११२, किंवा मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.