राजाची खिडकी आणि गावाचा ठेवा

श्रोतेहो, एखाद्या गावाचा धर्मपंथ बदलतो, तेथील राजसत्ता उलथून पडते, तेव्हा जुन्या श्रद्धेने आणि जुन्या सत्तेने उभारलेल्या वास्तूंचे पुढे काय होते? इतिहास या प्रश्नाची जी उत्तरे देतो ती बहुधा सुखाची नसतात. कोठे भिंती पाडल्या गेल्या, कोठे मूर्ती फोडल्या गेल्या, तर कोठे नावे खरवडून काढली गेली. आज मी ज्या वास्तूचा परिचय करून देणार आहे, तिच्या वाट्याला मात्र निराळे भाग्य आले. ही वास्तू म्हणजे हॉलंडमधील गौडा या नगरातील संत योहानाचे चर्च. आपल्या जुन्या कागदपत्रांत ज्यांना ‘वलंदेज’ म्हटले आहे आणि ज्यांची वखार सतराव्या शतकात वेंगुर्ल्यास होती, त्या डच लोकांच्या देशातले हे एक मध्ययुगीन गाव.

गौड्याला नगराची सनद मिळाली ती १२७२ मध्ये, काउंट पाचवा फ्लोरिस याच्याकडून. गावाची जमीन दलदलीची. कुजलेल्या वनस्पतींच्या थरांनी बनलेली, ओली आणि भुसभुशीत. अशा जमिनीवर जड दगडी छत पेलणे कठीण. म्हणून येथील स्थपतींनी विटांच्या भिंती उभारल्या आणि वर अर्धवर्तुळाकार लाकडी छत घातले. आत उभे राहून वर पाहिले की एखादे गलबत उपडे करून ठेवल्यासारखे वाटते. चर्चची लांबी सुमारे १२३ मीटर. नेदरलँड्समध्ये याहून लांब चर्च नाही. छत हलके, भिंतींत मात्र भल्या मोठ्या खिडक्या! या चर्चचे वैभव जे आहे ते या खिडक्यांतच आहे.

लाकूड म्हटले की आगीचे भय आलेच. १३६१ आणि १४३८ या साली आगी लागल्या. आणि १२ जानेवारी १५५२ रोजी वीज पडून चर्च पुन्हा जळाले. गावाने ते परत बांधावयास घेतले. पण भिंती उभ्या राहिल्या तरी खिडक्या कोणी भरावयाच्या? रंगीत काचचित्र हे मोठ्या खर्चाचे काम. चर्चचे कारभारी देणगीदारांच्या शोधाला लागले. पहिले मोठे चित्र उट्रेख्टच्या बिशपाने दिले, ते १५५५ मध्ये पुरे झाले. विषय होता येशूचा बाप्तिस्मा. आणि चर्चचा अधिष्ठाता संतही बाप्तिस्मा करणारा योहान, तेव्हा ते उचितच होते. १५५५ ते १५७१ या काळात बहुतेक मोठी चित्रे घडविली ती डिर्क आणि वाउटर क्रॅबेट या बंधूंनी.

या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. प्रथम कागदाच्या लांब पट्ट्यांवर खिडकीच्या प्रत्यक्ष मापाचे रेखाचित्र काढावयाचे. त्याबरहुकूम काचेचे तुकडे कापावयाचे, त्यांवर रंगरेषा काढून ते भट्टीत भाजावयाचे आणि मग शिशाच्या पट्ट्यांनी जोडून ते खिडकीत बसवावयाचे. काम संपल्यावर असली रेखाचित्रे सहसा टाकून दिली जात. गौड्याच्या कारभाऱ्यांनी ती जपून ठेवली. काच ही फुटावयाचीच, आणि फुटली तर दुरुस्तीला आधार हवा, हा त्यांचा व्यवहारी हिशेब. त्या हिशेबाचे फळ म्हणजे ती रेखाचित्रे आजही चर्चच्या संग्रही आहेत.

आता दोन खिडक्यांकडे लक्ष द्या. १५५७ मधील खिडकी स्पेनचा राजा आणि हॉलंडचा अधिपती दुसरा फिलिप याने दिलेली. वरच्या भागात राजा शलमोन आपल्या मंदिराचे समर्पण करीत आहे. खाली येशूचे शेवटचे भोजन चालले आहे आणि त्याच प्रसंगी फिलिप आणि त्याची राणी, इंग्लंडची मेरी, गुडघे टेकून बसली आहेत. दुसरी खिडकी ऑरेंजच्या विल्यमची. येशू मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलून लावतो, हा तिचा विषय. ती १५६७ मध्ये पुरी झाली, आणि त्याच वर्षी फिलिपच्या सेनापतीच्या भयाने विल्यमला देश सोडावा लागला. पुढे हाच विल्यम फिलिपविरुद्धच्या बंडाचा नायक झाला. म्हणजे राजा आणि बंडखोर या दोघांच्या देणग्या एकाच छताखाली!

१५६६ मध्ये नेदरलँड्सभर मूर्तिभंजनाची लाट उसळली. १५७२ मध्ये गौडा बंडवाल्यांना मिळाले आणि पुढच्या वर्षी हे चर्च कॅल्व्हिनच्या पंथाकडे गेले. या पंथाला देवाच्या घरात चित्रे आणि मूर्ती खपत नसत. १५८१ मध्ये तर प्रांतांच्या सभेने फिलिपचे राजेपणच नाकारले. असे असूनही त्याची खिडकी कोणी फोडली नाही! याचे कारण केवळ औदार्य होते, असे मी म्हणणार नाही. हॉलंडच्या वाऱ्यापावसात खिडक्या फोडलेले चर्च काय कामाचे? शिवाय काचेपुढे कोणी मेणबत्ती लावीत नाही, नवस बोलत नाही. परंतु सर्वांत महत्त्वाचे असे की, देणगी राजाची असली तरी चर्च गावाचे होते, आणि गावाने खिडक्यांकडे आपली मालमत्ता म्हणून पाहिले.

याचा पुरावा असा की, गाव जुन्या खिडक्या राखून थांबले नाही. पश्चिमेकडील भागात त्याने नव्या खिडक्यांची भर घातली. देणगीदार मात्र बदलले. बिशप आणि राजे गेले, त्यांच्या जागी नगरे आली. हार्लेम, लायडन, अ‍ॅम्स्टरडॅम यांनी खिडक्या दिल्या. डेल्फ्टने १६०३ मध्ये दिलेल्या खिडकीत लायडनच्या वेढ्याचे दृश्य आहे. १५७४ मध्ये बांध फोडून समुद्राचे पाणी आत घेऊन ते नगर सोडविले गेले होते. हॉलंडच्या प्रांतसभेने १५९६ मध्ये दिलेल्या खिडकीचा विषय तर ‘सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य’ असा आहे. स्वातंत्र्यदेवी रथात बसली आहे आणि जुलूम त्या रथाखाली चिरडला जात आहे.

येथे इतिहासकाराने एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ही खिडकी बसविली गेली तेव्हा हॉलंडमध्ये कॅथलिकांना उघडपणे उपासना करण्यास बंदी होती. ज्यांच्या पूर्वजांनी हे चर्च बांधले, ते आता घरांच्या आडोशाला प्रार्थना करीत होते. मनात काही मानण्याची मुभा होती, चारचौघांत आचरण्याची नव्हती. काचेवरचे स्वातंत्र्य आणि रस्त्यावरचे स्वातंत्र्य यांत एवढे अंतर होते. ते अंतर ओळखणारा एक पुरुष याच चर्चमध्ये चिरनिद्रा घेत आहे. त्याचे नाव डिर्क कोर्नहर्ट. श्रद्धेसाठी कोणाचाही जीव घेऊ नये, असे तो दोन्ही पक्षांना आयुष्यभर बजावीत राहिला. डेल्फ्टने त्याला राहू दिले नाही. गौड्याने आश्रय दिला. तेथेच १५९० मध्ये तो वारला. स्वातंत्र्याची खिडकी त्यानंतर सहा वर्षांनी बसली.

१९३९ मध्ये महायुद्धाच्या भयाने या सर्व काचा उतरवून सुरक्षित ठेवण्यात आल्या. १९४० ते १९४५ अशी पाच वर्षे देशाने जर्मनांचा अंमल सोसला. त्या जाचातून झालेल्या सुटकेचे स्मारक म्हणून चार्ल्स आइक या चित्रकाराची एक नवी खिडकी १९४७ मध्ये येथे आली. फिलिपची खिडकी मात्र आजही तेथेच आहे. पूर्वजांचे सगळेच पटले पाहिजे असे नाही. परंतु जे पटत नाही तेही जतन करून, त्याच्या शेजारी आपले म्हणणे मांडता येते, हे गौड्याच्या लोकांनी करून दाखविले. फोडून टाकलेल्या काचेला कोणी काही विचारू शकत नाही; राखलेल्या काचेपुढे उभे राहून पुढच्या पिढ्या प्रश्न विचारू शकतात.