महाब्रह्म्याची बिरुदे आणि सर्वज्ञतेचा प्रश्न

वसई-दिवा लोहमार्गावरील खारबावपासून सोपारा फार दूर नाही. प्राचीन शूर्पारक ते हेच. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यास, तर नवव्याचा १९५६ साली जवळच्या भुईगावी मिळाला. हे लेख प्राकृतात आहेत. म्हणजेच या किनाऱ्यावर धम्म लोकभाषेत अवतरला.

भाषेविषयी तथागतांची दृष्टीही अशीच लोकव्यवहाराची होती. एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत निरनिराळी नावे असतात, तेव्हा एका नावाचा आग्रह धरू नये, असे अरणविभंगसुत्तात सांगितले आहे. पुढे नैयायिकांनी शब्दार्थसंकेताचे मूळ ईश्वरेच्छेत शोधले, तर मीमांसकांनी शब्दार्थसंबंध नित्य मानला. बौद्धांनी दोन्ही पक्ष नाकारले. शब्द हा मनुष्याचा संकेत. तो आहे एवढ्याने वस्तू सिद्ध होत नाही.

मग ‘सर्वज्ञ’ या शब्दाने काय सिद्ध होते? केवट्टसुत्तातील भिक्षू चार महाभूते निःशेष कोठे निरुद्ध होतात, असे महाब्रह्म्यास विचारतो. उत्तरादाखल महाब्रह्मा दोनदा आपली बिरुदेच ऐकवतो. अखेर भिक्षूचा हात धरून त्याला बाजूला नेतो आणि आपणासही ठाऊक नसल्याचे कबूल करतो. देवांचा समज मोडू नये म्हणून त्याने हे लपविले होते. तथागत मात्र प्रथम प्रश्नाची शब्दरचनाच दुरुस्त करतात.

हीच कसोटी मानवी गुरूंनाही लागू आहे. सर्वज्ञ म्हणविणारा रिकाम्या घरी भिक्षेस जातो, त्याला कुत्रे चावते, त्याला गावाची वाट विचारावी लागते, असे सन्दकसुत्तात आनंद सांगतात. तेविज्जवच्छगोत्तसुत्तात स्वतः भगवंतांनी अखंड सर्वज्ञतेचा दावा नाकारून केवळ तीन विद्यांचा स्वीकार केला. उत्तरकालीन परंपरेने त्यांना सर्वज्ञ म्हटले खरे. परंतु चित्त वळविल्यावरच ते ज्ञान होते, अशी मर्यादा मिलिंदपञ्हात घातली आहे. सातव्या शतकातील धर्मकीर्तींच्या मते तर कीटकांची संख्या जाणणारा प्रमाण नव्हे. त्याज्य काय व ग्राह्य काय हे जाणणारा तोच प्रमाण होय.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. बुद्ध मोक्षदाता नसून मार्गदाता आहेत, हे डॉ. आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्पष्ट केले. वंदनेतील ‘सर्वज्ञ’ हे विशेषण नकळत ईश्वराचे नवे नाव होऊ लागले, तर ईश्वर नाकारूनही आपण त्याची जागा रिकामी ठेवली नाही, असे होईल. शूर्पारकाचा बाहिय दारुचीरिय स्वतःस अर्हत समजत होता. अनुभवात कल्पनेची भर घालू नये, हा उपदेश ऐकताच तो मुक्त झाला. आपल्याच किनाऱ्यावरचा हा माणूस या प्रश्नी आपला उत्तम वाटाड्या आहे.