निकोटीन-पर्यायी उपचार

तंबाखूचे व्यसन सोडू इच्छिणाऱ्या व्यक्तीस धूर, डांबरसदृश द्रव्ये व तंबाखूतील इतर घातक घटक टाळून केवळ निकोटीन मोजक्या आणि उतरत्या मात्रेत काही आठवडे पुरविण्याच्या पद्धतीस ‘निकोटीन-पर्यायी उपचार’ असे म्हणतात. च्युइंगम, त्वचेवर चिकटविण्याची पट्टी, चोखण्याची गोळी, नाकात मारण्याचा फवारा व हुंगणी ही त्याची प्रमुख रूपे होत. व्यसन जडविणारे द्रव्य आणि रोग उत्पन्न करणारी द्रव्ये ही बव्हंशी वेगवेगळी आहेत, या निष्कर्षावर हा उपचार आधारलेला आहे. हा निष्कर्ष प्रस्थापित होण्यास विसाव्या शतकाचा बराच काळ लागला. महाराष्ट्रात धूम्रपानापेक्षा तंबाखू खाण्याचे व्यसन अधिक असल्याने या उपचाराचा येथील इतिहास पश्चिमी देशांतील इतिहासाहून काहीसा निराळा आहे.

पूर्वपीठिका : तंबाखूची वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांमार्फत ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली व दख्खनेत रुळली. अकबराच्या अखेरच्या काळात असद बेग या सरदाराने विजापूरहून तंबाखू व तिचे साहित्य मोगल दरबारी नेले. जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. तथापि तिचा प्रसार थांबला नाही. महाराष्ट्रात चिलीम, बिडी, तपकीर, चुन्याबरोबर हातावर मळलेली तंबाखू, पानातील तंबाखू आणि भाजलेल्या तंबाखूची मिश्री अशा अनेक रूपांनी ती घरोघर पोहोचली. सिन्नर, सोलापूर, अहमदनगर, गोंदिया इ. ठिकाणी बिडी-उद्योग वाढला, तर सीमाभागातील निपाणी ही तंबाखूची मोठी बाजारपेठ बनली. त्यामुळे तंबाखू हे केवळ व्यसन न राहता हजारो कुटुंबांच्या उपजीविकेचे साधनही झाले.

तंबाखूतील प्रमुख अल्कलॉइड पॉसेल्ट व राइमान या जर्मन शास्त्रज्ञांनी १८२८ मध्ये हायडल्‌बर्ग येथे वेगळे केले. फ्रेंच राजदूत झां नीको यांच्या नावावरून त्यास निकोटीन हे नाव मिळाले. माणूस तंबाखूकडे वळतो तो निकोटीनसाठी, हे अनुमान पडताळून पाहण्याचा प्रयत्न लेनॉक्स जॉन्स्टन या स्कॉटिश वैद्याने केला. त्याने स्वतःला व इतर काही व्यक्तींना शुद्ध निकोटीन टोचून त्याचे परिणाम १९४२ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १९५० मध्ये डॉल व हिल यांनी ब्रिटनमध्ये आणि विंडर व ग्रेअम यांनी अमेरिकेत धूम्रपानाचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी असलेला संबंध दाखविला. तरीही अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९६४ च्या अहवालात धूम्रपानाची गणना व्यसनात न करता सवयीत करण्यात आली. निकोटीन हे व्यसन जडविणारे द्रव्य असल्याचे त्याच कार्यालयाच्या अहवालाने १९८८ मध्ये निःसंदिग्धपणे मान्य केले. सवय ही इच्छाशक्तीने मोडावयाची आणि व्यसन हे उपचाराने बरे करावयाचे, असा भेद समाजात रूढ असल्याने या बदलाला मोठे महत्त्व आहे.

शोध : या उपचाराचा उगम स्वीडनमध्ये झाला. पाणबुड्यांवरील नाविकांना बंद जागेत धूम्रपान करता येत नसे. तेव्हा ते तोंडात ठेवण्याच्या तंबाखूवर भागवीत. लुंड येथील क्लेस लुंडग्रेन व स्टेफान लिख्टनेकर्ट या संशोधकांनी ही गोष्ट हेरली आणि तोंडावाटे शुद्ध निकोटीन देता येईल, अशी सूचना १९६७ मध्ये हेल्सिंगबॉर्ग येथील लिओ या औषधकंपनीतील ऊवे फर्नो या रसायनशास्त्रज्ञास केली. फर्नो स्वतः धूम्रपान करीत असे. च्युइंगममधून निकोटीन एकदम बाहेर पडू नये म्हणून त्याने ते आयन-विनिमय रेझिनाशी बांधले. गम चावला म्हणजे ते हळूहळू सुटते. अम्लीय लाळेतून निकोटीन गालाच्या अस्तरात नीट शोषले जात नाही. यासाठी गममध्ये क्षारधर्मी द्रव्य मिसळण्यात आले.

या शेवटच्या सुधारणेमागील रसायन महाराष्ट्रातील तंबाखू खाणाऱ्यांच्या नित्य परिचयाचे आहे. तळहातावर तंबाखूत चुना मळला असता मिश्रण क्षारधर्मी होते, निकोटीन मुक्त होते व तोंडातून झपाट्याने रक्तात जाते. प्रयोगशाळेत जे हेतुपूर्वक साधण्यात आले, ते तळहातावर पिढ्यान्‌पिढ्या अनुभवाने साधले जात होते. फरक इतकाच, की चुना-तंबाखूत निकोटीनबरोबर कर्करोगकारक नायट्रोसामिने येतात व मात्रेवर कोणतेही नियंत्रण राहत नाही.

हा गम १९७८ मध्ये प्रथम स्वित्झर्लंडमध्ये विक्रीस आला. अमेरिकेत त्यास १९८४ मध्ये मान्यता मिळाली. त्याच सुमारास मरी जार्व्हिक, जेड रोझ व डॅन्येल रोझ यांनी त्वचेवाटे निकोटीन देण्याचे प्रयोग केले. त्यांतून विकसित झालेल्या पट्टीस अमेरिकेत १९९१ मध्ये मान्यता मिळाली. नाकातील फवारा १९९६ मध्ये, हुंगणी १९९७ मध्ये व चोखण्याची गोळी २००२ मध्ये तेथे मान्य झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये निकोटीन-पर्यायी उपचाराचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या आपल्या आदर्श यादीत केला. भारताच्या राष्ट्रीय यादीत तो २०२२ मध्ये आला.

क्रिया व मात्रा : सिगारेट वा बिडीचा झुरका घेतल्यावर निकोटीन काही सेकंदांतच मेंदूत पोहोचते आणि डोपामीन या द्रव्याचे उत्सर्जन वाढवून सुखद जाणीव निर्माण करते. त्याची रक्तातील पातळी सु. दोन तासांत निम्म्यावर येत असल्याने पुन्हा तलफ येते. सेवन एकाएकी थांबविले असता चिडचिड, अस्वस्थता, एकाग्रतेचा अभाव, निद्रानाश, वाढती भूक ही लक्षणे उद्भवतात. ती पहिल्या आठवड्यात सर्वाधिक तीव्र असतात आणि सामान्यतः दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. पर्यायी उपचारात निकोटीन मेंदूत सावकाश व कमी पातळीने पोहोचते. त्यामुळे झुरक्याचे सुख मिळत नाही, पण तलफेची धार बोथट होते.

गम २ व ४ मिग्रॅ. अशा दोन मात्रांत मिळतो. दिवसास २५ वा अधिक सिगारेटी ओढणाऱ्यास ४ मिग्रॅ. ची मात्रा देण्याचा प्रघात आहे. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक गम व नंतर क्रमाने कमी करीत सु. तीन महिन्यांत बंद, असा साधारण क्रम असतो. गम सतत चघळावयाचा नसतो. झिणझिण्या जाणवेपर्यंत चावून तो गाल व हिरडी यांमध्ये ठेवावा आणि त्या ओसरल्यावर पुन्हा चावावा. चहा-कॉफी, फळांचा रस यांसारखी पेये आधी पंधरा मिनिटे व गम तोंडात असेपर्यंत टाळावी लागतात. ही रीत न समजल्यास निकोटीन लाळेबरोबर पोटात जाऊन वाया जाते, उचकी व मळमळ होते आणि ‘गुण येत नाही’ म्हणून उपचार सोडला जातो. पट्टी २१, १४ व ७ मिग्रॅ. अशा उतरत्या मात्रांत आठ ते दहा आठवडे वापरतात. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या व्यक्तींनी आणि गर्भवतींनी वैद्याच्या सल्ल्यानेच हे उपचार घ्यावेत.

सु. ६४,००० व्यक्तींवरील १३३ चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून (२०१८) असे दिसून आले, की या उपचाराने धूम्रपान सुटण्याची शक्यता सु. ५० ते ६० टक्क्यांनी वाढते. पट्टीच्या जोडीला गम वा गोळी दिल्यास एकट्या उपायापेक्षा अधिक यश येते. तथापि मूळ शक्यताच अल्प असल्याने एका प्रयत्नात यश न येणारेच बहुसंख्य असतात. पुन्हा प्रयत्न करणे हा उपचाराचाच भाग मानला जातो.

महाराष्ट्रातील कार्य : मुंबईतील परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथे येणाऱ्या रुग्णांत मुख व घसा यांच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे होते. वसंत रामजी खानोलकर यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. सांघवी, राव व खानोलकर यांनी धूम्रपान व तंबाखू खाणे यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी असलेला संबंध १९५५ मध्ये मांडला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता, प्रकाश गुप्ता व त्यांचे सहकारी यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या मुखाची पाहणी करून तिचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध केले.

याच गटाने केरळ, गुजरात व आंध्र प्रदेश येथील सु. ३६,००० तंबाखूसेवकांना समक्ष भेटी, चित्रपट व वृत्तपत्रे यांच्या साहाय्याने तंबाखू सोडण्यास प्रवृत्त करण्याचा प्रयोग केला. विशेषतः केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात तंबाखू सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि मुखातील पांढऱ्या चट्ट्यांचा नवा उद्‌भव घटला, असे १९८६ च्या अहवालात नमूद आहे. या प्रयोगात निकोटीनचा गम वा पट्टी नव्हती. उपाय होता तो समुपदेशनाचा. बिडी सौम्य असते ही समजूतही याच परंपरेतील संशोधनाने खोडून काढली. १९९० नंतरच्या दशकात मुंबईत सु. दीड लाख व्यक्तींचा जो दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला, त्यात बिडी सिगारेटपेक्षा कमी घातक नसल्याचे आढळले.

भारत सरकार व जागतिक आरोग्य संघटना यांनी २००२ मध्ये देशात तेरा तंबाखूमुक्ती चिकित्सालये सुरू केली. त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाचा समावेश होता. तेथे समुपदेशनाबरोबर औषधोपचाराचीही जोड मिळाली. त्याच वर्षी भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची उत्तराधिकारी संस्था परळहून नवी मुंबईतील खारघर येथे विस्तृत जागेत गेली. ती ‘ॲक्ट्रेक’ या नावाने ओळखली जाते. पुढे २०१६ मध्ये दिल्लीहून १८००-११-२३५६ या क्रमांकाची निःशुल्क दूरध्वनी सेवा सुरू झाली. २०१८ पासून हा क्रमांक तंबाखूच्या वेष्टनांवर छापला जाऊ लागला.

कायद्यांचीही साथ मिळाली. केंद्रीय अधिनियम २००३ मध्ये झाला. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई झाली. महाराष्ट्राची गुटखाबंदी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नव्हती. अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे ती २०१२ मध्ये पुन्हा लागू झाली. सुट्या सिगारेटी व बिड्या विकण्यास राज्याने २०२० मध्ये बंदी केली. ई-सिगारेट हे व्यसनमुक्तीचे साधन म्हणून काही देशांत पुढे करण्यात आले असले, तरी भारतात २०१९ पासून त्यावर बंदी आहे.

मर्यादा : २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६·६ टक्के लोक तंबाखूचे सेवन करीत, त्यांत धूम्रपान करणारे एकूण प्रौढांच्या ३·८ टक्के, तर धूररहित तंबाखू वापरणारे २४·४ टक्के होते. उपचाराच्या परिणामकारकतेचा पुरावा मात्र मुख्यत्वे सिगारेट ओढणाऱ्यांवरील चाचण्यांतून मिळालेला आहे. तंबाखू खाणाऱ्यांच्या बाबतीत गम व पट्टी यांचा पुरावा तितका भक्कम नाही. समुपदेशनाचा लाभ अधिक स्पष्ट दिसतो. शिवाय गुटखा, मावा व विदर्भातील खर्रा यांत सुपारी असते. तिच्यातील ॲरिकोलीनची ओढ निकोटीनने भागत नाही. सुपारीमुळे मुखाचे अस्तर कठीण होऊन ज्यांचे तोंड उघडेनासे होते, त्यांना गम चावणेही अवघड जाते. अशांना पट्टी अधिक सोयीची ठरते.

दुसरी मर्यादा उपलब्धतेची आहे. ठाणे जिल्ह्यातील शीळफाटा हे याचे बोलके उदाहरण होय. मुंब्रा–पनवेल, कल्याण–शीळ व महापेकडील मार्ग येथे मिळतात आणि मालवाहू वाहनांची वर्दळ अहोरात्र असते. रात्रीचे वाहन हाकताना झोप टाळण्यासाठी बिडी वा तंबाखू घेण्याची चाल चालकांत जुनी आहे. अशा नाक्यांवर तंबाखू टपरीवर मिळते, गम मात्र बहुधा औषधांच्या दुकानात. आणि एका गमच्या किंमतीत अनेक बिड्या येतात. खारघरची संशोधनसंस्था याच मार्गाने पनवेलच्या दिशेस गेल्यास फार दूर नाही. परंतु सतत फिरतीवर असणारा चालक बारा आठवडे एकाच चिकित्सालयात नियमाने येऊ शकत नाही. दूरध्वनी सेवा व ठिकठिकाणच्या शासकीय रुग्णालयांत विनामूल्य औषध ही जोड मिळाल्यासच त्याला या उपचाराचा खरा लाभ होणे शक्य आहे.

धूम्रपान करणाऱ्या नाविकांना तोंडातील तंबाखूने आधार दिला, या निरीक्षणातून हा उपचार जन्मला. जेथे तोंडातील तंबाखू हेच मुख्य व्यसन आहे, त्या महाराष्ट्रात केवळ गमने कार्यभाग होत नाही. औषध तलफ शमविते. सोडण्याचा निश्चय टिकविण्यासाठी समुपदेशकाचे पाठबळ, कुटुंबाचे साहाय्य व वारंवार प्रयत्न करण्याची संधी यांची आवश्यकता कायम राहते.