दुखणं नेमकं कुठलं?

आमच्या तालुक्याच्या गावी एक सार्वजनिक वाचनालय आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी तिथला कार्यवाह झालो, म्हणजे कुलूपकिल्ली, विजेचं बिल आणि सभासदांच्या तक्रारी या तिन्हींचा धनी झालो. वाचनालयात एक संगणक आहे. अकरा हजार पुस्तकांची यादी, सभासदांची वर्गणी आणि कुठलं पुस्तक कुणाच्या घरी किती महिने अडकून पडलं आहे याचा सगळा हिशेब त्याच्या पोटात. गेला पावसाळा संपता संपता या संगणकानं असहकार पुकारला. सुरू व्हायला दहा-दहा मिनिटं घ्यायचा आणि नोंद करता करता मध्येच पडदा काळा करून गप्प बसायचा.

विक्रेत्याला बोलावलं. त्यानं कॅबिनेट उघडलंसुद्धा नाही. वर टिचकी मारली आणि म्हणाला, "काका, मशीन म्हातारं झालं. रॅम गेलेली दिसतेय. शिवाय विंडोज दहाची मुदतही संपली. आता पूर्ण सेटच बदला." दुसऱ्या दिवशी दरपत्रक आलं, बेचाळीस हजार रुपयांचं. आमची वर्षाची पुस्तकखरेदी साधारण तेवढीच असते.

कार्यकारिणीच्या बैठकीत सरळ दोन तट पडले. तरुण मंडळींचं म्हणणं, यादी गेली तर वाचनालयच गेलं, आजच ऑर्डर द्या. आमचे अध्यक्ष अण्णा ऐंशीच्या घरातले. ते म्हणाले, "वर्षभर एकही नवं पुस्तक आणायचं नाही आणि यादी मात्र नव्या यंत्रावर ठेवायची? ती वाचणार कोण?" शेवटी ठरलं की कार्यवाहांनी माहिती काढावी आणि पुढच्या बैठकीत सांगावं. मला संगणकातलं फार कळतं असं नाही. पण बँकेत चुकलेला ताळा शोधायची सवय होती, आणि इतिहास वाचायचा नाद आहे. म्हणून आधी हा प्रश्न दुसऱ्यांनी कसा सोडवला ते बघायला बसलो.

पहिलं उदाहरण घरचंच सापडलं, मुंबईचं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या गटानं १९५० च्या दशकात स्वतःच्या हातानं संगणक बांधायला घेतला. आधी एक लहान नमुना केला, तो १९५६ साली चालू झाला. पूर्ण आकाराचं यंत्र फेब्रुवारी १९६० मध्ये कामाला लागलं. पुढे १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं नाव 'टिफ्रॅक' असं ठेवलं. जवळजवळ २,७०० व्हॉल्व्ह त्यात होते. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत लाल चमकायचे तेच. मेमरी २,०४८ शब्दांची. देशातल्या विद्यापीठांतून आणि संशोधन संस्थांतून लोक आपापली गणितं घेऊन तिथे येऊ लागले. आणि थोड्याच वर्षांत संस्थेनं ठरवलं की एवढ्यावर भागणार नाही. १९६४ साली अमेरिकेहून सीडीसी ३६०० हा ट्रान्झिस्टरवर चालणारा मोठा संगणक आला.

मला या गोष्टीत एक मोठेपणा दिसतो. पोटच्या पोरासारखं वाढवलेलं यंत्र बाजूला ठेवायला हिंमत लागते. पण कारण चोख होतं. टिफ्रॅक बिघडला होता म्हणून तो बदलला नाही. काम वाढलं होतं, जगानं व्हॉल्व्ह सोडले होते, आणि नव्या यंत्रावर फोरट्रानसारख्या भाषेत आज्ञावली लिहिता येत होती. म्हणजे यंत्र धड होतं, गरज मोठी झाली होती. आमच्या वाचनालयाची गरज काही मोठी झालेली नव्हती. दहा वर्षांपूर्वी अकरा हजारांच्या आसपास पुस्तकं होती, आजही तेवढीच आहेत. थोडी हरवली, थोडी आली.

दुसरं उदाहरण मात्र जमिनीवरचं नाही. हबल दुर्बीण आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. २४ एप्रिल १९९० रोजी 'डिस्कव्हरी' यानातून ती आकाशात गेली आणि तेव्हापासून पृथ्वीला प्रदक्षिणा घालते आहे. तिच्या आरशात दोष निघाला आणि तो १९९३ साली अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्त केला, हेही बहुतेकांना ठाऊक आहे. त्याच फेरीत तिच्या संगणकाचीही मलमपट्टी झाली, याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. दुर्बिणीचा मुख्य संगणक डीएफ-२२४ नावाचा, सत्तरच्या दशकातल्या रचनेचा. डिसेंबर १९९३ मध्ये तो काढून टाकला नाही, त्याच्या जोडीला ३८६ जातीचा एक सहायक प्रोसेसर बसवला. आपण जुन्या वाड्याला पडवी काढतो तसं.

पूर्ण बदल झाला तो डिसेंबर १९९९ मध्ये. काय बसवलं असेल? त्या नाताळात दुकानातून पाचशे मेगाहर्ट्झच्या वरचे पेंटियम थ्री विकले जात होते. हबलमध्ये बसवला तो इंटेल ४८६, वेग पंचवीस मेगाहर्ट्झ. बाजारात दहा वर्षांपूर्वी आलेला प्रोसेसर! तीन स्वतंत्र पत्र्या, प्रत्येकीवर फक्त दोन एमबी मेमरी. आजचा एखादा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

हे वाचून मी चष्मा पुसला. अब्जावधी डॉलरच्या दुर्बिणीला भंगारातला प्रोसेसर का? कारणं वाचली तेव्हा पटलं. अंतराळात विद्युतभारित कणांचा सतत मारा असतो. एखादा कण चिपमधून आरपार गेला की शून्याचा एक होऊ शकतो. चिपवरचे घटक जितके बारीक, तितका हा धोका जास्त. शिवाय दुर्बिणीला वीज मिळते सौरपंखांवरून, ती मोजूनमापून वापरावी लागते. आणि ४८६ मधल्या खोडी दहा वर्षांत सगळ्यांना कळून चुकलेल्या होत्या. तरीही त्या मंडळींनी तो थेट नेऊन बसवला नाही. ऑक्टोबर १९९८ मध्ये जॉन ग्लेन सत्त्याहत्तराव्या वर्षी पुन्हा अंतराळात गेले, ती फेरी आठवत असेल. त्याच यानातून हा संगणक आधी फिरवून आणला, त्याला अंतराळ मानवतं का ते पाहिलं.

जुना चालत असताना बदलायचा तरी कशाला, याचंही उत्तर विचार करण्यासारखं आहे. नवा संगणक जुन्याच्या वीसपट वेगवान आणि सहापट मेमरीचा होता, पण तेवढंच कारण नव्हतं. जुन्या यंत्राची आज्ञावली जपणं फार खर्चाचं झालं होतं. नव्या यंत्रावर आजकालच्या भाषेत काम करता येणार होतं. म्हणजे यंत्रापेक्षा यंत्र राखणाऱ्या माणसांचा हिशेब केला गेला. मायकेल फोल आणि क्लॉड निकोलिए या दोघांनी यानाबाहेर तरंगत हा संगणक बसवला. त्या फेरीला आणखी एक घाई होती. २००० साल उजाडताना संगणकांच्या तारखा घोटाळा करतील अशी तेव्हा जगभर धास्ती होती. म्हणून फेरी आखडती घेऊन यान २७ डिसेंबरलाच खाली उतरवलं.

पण मला खरी शिकवण मिळाली ती दुर्बिणीच्या दुसऱ्या संगणकापासून. दुर्बिणीवरच्या कॅमेऱ्यांचं आणि इतर उपकरणांचं काम पाहायला एक वेगळा संगणक आहे. हा आणखी जुना, १९८० च्या दशकात बांधलेल्या जातीचा. त्याच्या पेटीतला एक भाग सप्टेंबर २००८ मध्ये निकामी झाला. दुरुस्तीची फेरी पंधरा दिवसांवर आलेली होती. ती पुढे ढकलली, आणि मे २००९ मध्ये अख्खी पेटीच बदलली. बदली दिली ती त्याच जातीच्या, जमिनीवर राखून ठेवलेल्या पेटीची. नवीन रचनेचा मोह कुणी धरला नाही. पुढे २०११ साली यानांची ती मालिकाच बंद झाली. हबलकडे जाणारा रस्ता संपला.

आणि १३ जून २०२१ रोजी हा संगणक थांबला.

आता इथे आमच्या विक्रेत्याची आठवण झाली, कारण पहिला संशय तिथेही मेमरीवरच गेला. लक्षणंच तशी होती. मेमरीचे चार भाग होते, एक वापरात, बाकीचे राखीव. दुसऱ्यावर जायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग राखीव संगणकच चालू केला. अंतराळात गेल्यापासून तो पहिल्यांदाच जागा होत होता. आणि त्यावरही त्याच चुका!

माझ्यासारख्या माणसाला इथे हात टेकावेसे वाटले असते. पण त्या मंडळींनी वेगळा विचार केला. दोन वेगवेगळी यंत्रं एकाच वेळी, एकाच तऱ्हेनं बिघडतील हे संभवत नाही. मग दोघांना सामाईक असं काय आहे? बँकेत आम्ही हेच करायचो. दोन खातेवह्यांत एकाच रकमेचा फरक आला की वह्या तपासत बसायच्या नाहीत, दोन्हीकडे जिथून नोंद आली ते व्हाउचर काढायचं. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे कागद धुंडाळले गेले. त्या काळात यंत्रावर काम केलेल्या निवृत्त लोकांना मदतीला बोलावलं. आणि महिन्याभरानंतर बोट ठेवलं गेलं ते वीज पुरवणाऱ्या भागावर. हा भाग संगणकाला आणि मेमरीला कायम पाच व्होल्ट पुरवतो. शेजारी एक पहारेकरी मंडल असतं. वीज ठरल्यापेक्षा कमीजास्त झाली की ते संगणकाला थांबायला सांगतं. एक तर वीजच गडबडली होती, किंवा पहारेकरी म्हातारा होऊन उगाच 'थांबा' म्हणत होता. १५ जुलैला राखीव वीजपुरवठ्याकडे वळायला सुरुवात झाली, १७ जुलैला दुर्बीण पुन्हा आकाश पाहू लागली. ज्या मेमरीवर आळ आला होता, ती बिचारी निर्दोष होती.

वर जायला रस्ता नव्हता म्हणून हे झालं, असं मला राहून राहून वाटतं. यान तयार असतं तर कदाचित पेटी बदलून मोकळे झाले असते आणि पाच व्होल्टची गोष्ट कुणाला कळलीही नसती.

दुसऱ्या दिवशी मी बाजारपेठेतल्या एका पोराला घेऊन आलो. मिक्सर, टीव्ही आणि जुने संगणक दुरुस्त करतो. त्याला म्हटलं, "अरे, रॅम नंतर बघ. आधी पाच व्होल्ट पाच येतात का ते मोज." तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या आधी मी एक काम मात्र उरकलं होतं. संगणक जागा असतानाच पुस्तकांची यादी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि एक प्रत अण्णांच्या कपाटात ठेवली.

पोरानं कॅबिनेट उघडलं. आत धुळीचा गालिचा. मीटर लावला, तर पाचाच्या जागी काटा साडेचारच्या आसपास डुलत होता. एसएमपीएसमधले कपॅसिटर फुगले होते. तो बदलल्यावर अचानक बंद पडणं थांबलं. सावकाश सुरू होण्याचं कारण निराळं निघालं. जुनी फिरती हार्ड डिस्क थकली होती. तिच्या जागी एसएसडी बसवली. सगळं मिळून पाच हजारांच्या आत भागलं. रॅमला हातही लावला नाही.

विक्रेत्याचं एक म्हणणं मात्र खरं होतं, आणि ते मी बैठकीत सांगितलं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप आमच्या यंत्रात नाही आणि प्रोसेसरही मान्य यादीतला नाही. म्हणजे हे यंत्र इंटरनेटला जोडून ठेवणं शहाणपणाचं नाही. तरुण सदस्यांनी तिथेच पकडलं. वार्षिक अहवाल, अनुदानाचा पत्रव्यवहार, हे कुठून करायचं? वाद बराच रंगला. एकानं लिनक्स घालून बघू म्हटलं. दुसरा म्हणाला, पुस्तकांची आज्ञावली त्यावर चालली नाही तर? शेवटी तूर्त असं ठरलं की संगणकाची इंटरनेटची वायर काढून टाकायची, यादी आणि देवघेव त्यावर ठेवायची, आणि पत्रव्यवहार एका सदस्याच्या लॅपटॉपवरून करायचा. दरपत्रक फाईलला लावलं आहे. वर्षभरानं पुन्हा विषय घ्यायचा, असा शेरा त्यावर मारून अण्णांनी सही केली.

आणि मग विषय क्रमांक चार निघाला, पुस्तकखरेदीची यादी. त्यावर जे भांडण झालं ते संगणकाच्या दुप्पट वेळ चाललं.