तांब्याचा सेंट आणि त्याचे मोल

आमच्या घरी काळवंडलेले तांबे कुणालाच खपत नसे. सण जवळ आला, की अम्मा चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख घेऊन हंडे-कळशा घासायला बसे. त्यांच्याबरोबर पेटीतले जुने पैसेही लख्ख होऊन निघत. पुढे त्यांतला एक पैसा मी नाण्यांच्या एका जाणकाराला कौतुकाने दाखवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, की तुम्ही तर याची सालच सोलून टाकलीत!

तो पैसा कंपनी सरकारने मुंबई इलाख्यासाठी काढलेला होता. एका बाजूला तराजू आणि त्याच्या दोन पारड्यांमध्ये फारसी लिपीत एक शब्द, ‘अदल’. अदल म्हणजे न्याय. हे पैसे १७९१ आणि १७९४ साली इंग्लंडात, बर्मिंगहॅमजवळच्या मॅथ्यू बोल्टनच्या कारखान्यात पाडले गेले. याच बोल्टनकडून पुढे तांब्याच्या कोऱ्या चकत्या जहाजातून अमेरिकेला जात. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत त्यांवर ठसा उमटला, की त्यांचे सेंट होत. माझ्या पैशाच्या या अमेरिकन चुलतभावंडांची चौकशी मी तेव्हापासून करत आलो आहे.

अमेरिकेची टांकसाळ १७९२ च्या कायद्याने उभी राहिली आणि मार्च १७९३ मध्ये पहिले सेंट बाहेर पडले. आकडा ३६,१०३. एका बाजूला केस मोकळे सोडलेली स्वातंत्र्यदेवता, दुसऱ्या बाजूला पंधरा राज्यांच्या एकीची खूण म्हणून पंधरा कड्यांची साखळी. लोकांनी नाके मुरडली. नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या देशाच्या नाण्यावर साखळी कशाला? (त्याच देशात खऱ्या साखळदंडांत लाखो माणसे होती, त्यांचे मत कोणी विचारले नाही.) थोड्याच दिवसांत साखळी गेली आणि पानांची माळ आली.

हा सेंट म्हणजे चांगला दणदणीत ऐवज. वजन साडेतेरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या जुन्या चांदीच्या रुपयाहून जड. तांबे महागले तसे १७९५ च्या अखेरीस ते अकरा ग्रॅमच्या आत आणले. ठसे हाताने कोरलेले, म्हणून एकासारखा दुसरा नाही. एकट्या १७९४ सालच्या सेंटचे पन्नासाहून अधिक प्रकार जाणकार ओळखतात. त्यांतल्या एकाच्या मागच्या कडेला चौऱ्याण्णव इवल्या चांदण्या आहेत. नुसत्या डोळ्यांना त्या दिसतसुद्धा नाहीत. कोरणाऱ्याच्या मनात काय होते, कोण सांगणार! १८१५ सालचा सेंट मात्र कोणाकडेच मिळायचा नाही. इंग्लंडशी युद्ध जुंपले, चकत्या येणे थांबले आणि ते साल कोरेच गेले.

१८५७ साली हा मोठा सेंट बंद झाला आणि लहान नाणे आले. हातातून निसटू लागले तेव्हा लोक ते जपून ठेवू लागले. जोसेफ मिकली नावाचे वाद्यांचे एक कारागीर त्याआधीच या नादाला लागले होते. त्यांचा जन्म १७९९ चा. आपल्या जन्मसालचा सेंट जवळ असावा एवढीच त्यांची इच्छा होती. पण नेमके तेच साल दुर्मीळ निघाले आणि शोधता शोधता ते मोठे संग्राहक झाले, असे सांगतात. धाकट्या सेंटचेही दिवस भरलेच. तांबे महाग म्हणून १९८२ मध्ये तो जवळजवळ सगळा जस्ताचा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये व्यवहारासाठी तो पाडणेच थांबले.

आता मोलाचे. पहिला नियम, घासू नका. टांकसाळीतला लाल रंग हळूहळू तपकिरी होतो. तो नितळ तपकिरी पापुद्रा हेच नाण्याचे वय. चिंचेने येणारी झळाळी जाणकाराला लांबूनच कळते आणि किंमत तिथल्या तिथे कोसळते. मग पाहायचे ते केसांच्या बटा किती झिजल्या, आकडे शाबूत आहेत का, कडेला ठेच लागली आहे का. जिला काळाने फारसे दुखवले नाही अशी साखळीची एक प्रत २०१२ साली लिलावात १३ लाख ८० हजार डॉलरना गेली.

झीज मोजायची फूटपट्टी १९४९ साली विल्यम शेल्डन यांनी दिली. हे गृहस्थ मानसशास्त्रज्ञ. जेमतेम ओळखू येणाऱ्या सेंटला १ आणि निर्दोष सेंटला ७० गुण. १७९४ च्या एका सेंटची सर्वांत वाईट प्रत एका डॉलरची, तर उत्तम प्रत सत्तर डॉलरची, असा तो हिशेब. बाजारभावांनी हा हिशेब लवकरच मोडीत काढला, गुण तेवढे राहिले.

आणि तराजू ज्यांच्या हाती होता, त्यांनीच पारडे झुकवले. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहात शेल्डन यांना मुक्त प्रवेश होता. तिथले उत्तम सेंट काढून त्यांच्या जागी त्याच प्रकारचे हलके नग ठेवले गेल्याचे त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. नाण्यांवरचे ओरखडे आणि डाग जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिले, तेव्हा कोणते नाणे कोणाचे ते कळले. घासून गुळगुळीत केली असती, तर ओळख पटवणे अवघडच होते. प्रकरण कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेले आणि निकाल सोसायटीच्या बाजूने लागला. शेल्डन १९७७ सालीच वारले होते. त्यांची फूटपट्टी आजही चालते. ते अदलाबदल झालेले सेंटसुद्धा तिच्यावरच मोजले जातात.