न पोहोचलेला निरोप

वागळे इस्टेटमधल्या लहान कारखान्यांतही आता ड्रॉइंग, कोटेशन, तपासणीचे अहवाल असं सगळं कॉम्प्युटरवर असतं आणि रात्री एखादी स्क्रिप्ट त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर टाकते. ती खरंच चालली का, हे सकाळी कोण पाहतं? हा प्रश्न मनात ठेवून गिटलॅबची ती रात्र वाचावी. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी ही कंपनी. खालच्या वेळा भारतीय आहेत.

३१ जानेवारी २०१७, रात्री १०.५०
चाचणीसाठी एक इंजिनिअर डेटाबेसचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, हाताने घेतो. रोजच्या वेळापत्रकात तो नव्हता.

१ फेब्रुवारी, रात्री १२.३०
डेटाबेसवर ताण वाढतो. स्पॅमचा संशय.

पहाटे ४.३०
डेटाबेसची प्रत ठेवणारा दुय्यम सर्व्हर मुख्य सर्व्हरच्या मागे पडतो, मग दोघांची जुळणीच थांबते. आता काम आवरतो, असं इंजिनिअरने आधी सांगितलेलं असतं. या बिघाडामुळे तो कामावरच थांबतो.

पहाटे ४.५७च्या सुमारास
दुय्यम सर्व्हरवरचं फोल्डर पुसण्याची कमांड मुख्य सर्व्हरवर दिली जाते. एक-दोन सेकंदांत चूक कळते, पण सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरलेले असतात.

पहाटे ५ नंतर
बॅकअपचा शोध सुरू होतो आणि खरी आपत्ती आता उघडी पडते. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, त्याचा बॅकअप काढणारं साधन मात्र ९.२चं, म्हणून रोजचा बॅकअप निघतच नव्हता. साठवणीची जागा रिकामी. बिघाडाची ईमेल जात होती, पण डीमार्क या ईमेल पाठवणाऱ्याच्या पडताळणीत अडकून नाकारली जात होती. थकलेल्या माणसाच्या त्या एका कमांडला मी दोष देणार नाही. दोष या मुक्या व्यवस्थेचा.

रात्री ११.३०
हाताने घेतलेल्या त्याच स्नॅपशॉटवरून सेवा पुन्हा सुरू होते. स्नॅपशॉटनंतरच्या सहा तासांतले सुमारे ५,००० प्रोजेक्ट, तितक्याच टिप्पण्या आणि ७०० नवी खाती गेली. कोडच्या रिपॉझिटरी वाचल्या.

बिघाडाचा निरोप ईमेलवर सोडला, तिथेच घात झाला. तो आपण दिवसभर उघडं ठेवतो त्या पानावर हवा. जेरेमी रस्टन यांनी २००४ साली आणलेली टिडलीविकी अशा कामाला उत्तम: ब्राउझरमध्ये उघडणारी स्वतःची वही. ब्राउझरमधलं पान डिस्कमध्ये आपणहून डोकावू शकत नाही, म्हणून स्क्रिप्टनेच काम संपताना विकीच्या सर्व्हरकडे छोटी नोंद पाठवायची. नोडजेएसवर, म्हणजे सर्व्हर म्हणून, चालणारी टिडलीविकी अशी नोंद स्वीकारते आणि उघडं पान साधारण मिनिटाभराने नवे बदल विचारून घेते. नोंदीत शेवटच्या यशस्वी फेरीची वेळ आणि प्रत काढणाऱ्या आरसिंक या साधनाचा निकाल असावा: ० म्हणजे काम पूर्ण, २३ म्हणजे काही फाइली राहिल्या.

पण बंद पडलेली स्क्रिप्ट स्वतःच्या बंद पडण्याची नोंद कशी पाठवणार? तेव्हा त्या वेळेचं वय पानानेच मोजावं. एक दिवसाहून जुनी असेल तर पान उघडताच ती लाल दिसावी. हिरव्या खुणेपेक्षा ही लाल खूण मला जास्त मोलाची वाटते.

हे जमेपर्यंत निदान एवढं करा: आज कारखाना बंद करण्याआधी त्या दुसऱ्या डिस्कवरचं एक ड्रॉइंग उघडून पाहा.