दोरी, च्युइंगगम आणि वर्तमानपत्र

ओक्लाहोमा सिटीच्या विमानतळावर पहिल्यांदा उतरलो तेव्हा पाटीवर ‘विल रॉजर्स’ हे नाव वाचलं. वाटलं, असेल कुणी गव्हर्नर नाहीतर सेनापती. पुढे कळलं की हा दोरी फिरवणारा काउबॉय होता आणि तो गेला विमान अपघातात. अशा माणसाचं नाव विमानतळाला! शहरातल्या दुसऱ्या विमानतळाला वायली पोस्टचं नाव आहे. ते विमान चालवत होता तोच. हा योगायोग विलला स्वतःला नक्की आवडला असता.

विलचा जन्म ४ नोव्हेंबर १८७९ चा, ऊलोगाजवळचा. तेव्हा ओक्लाहोमा नावाचं राज्यच नव्हतं, हा चेरोकी नेशनचा मुलूख होता. आईवडील दोघांच्याही अंगात चेरोकी रक्त. वडील क्लेम रॉजर्स मोठे पशुपालक, चेरोकींच्या सिनेटचे सदस्य. आजची रॉजर्स काउंटी ही या वडिलांच्या नावाची, विलच्या नव्हे. आमच्याकडे भले भले इथे चुकतात.

आई गेली तेव्हा विल दहा वर्षांचा होता. शाळेत त्याचं मन रमेना. वडिलांनी शेवटी त्याला मिसूरीतल्या लष्करी शाळेत घातलं, तिथूनही तो पळाला. त्याची खरी शाळा म्हणजे दोरी. ती त्याला पहिल्यांदा शिकवली डॅन वॉकर या रॉजर्सांच्या रँचवरच्या काळ्या काउबॉयने. मग १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ओरोपेसा या मेक्सिकन कलावंताचे दोरीचे खेळ पाहून पोराला वेडच लागलं.

तोवर घरचं जग पालटत होतं. चेरोकींची जमीन सगळ्यांची मिळून असे. संघराज्य सरकारने ती माणसागणिक तुकडे करून वाटली. मोकळी कुरणं संपली आणि रॉजर्सांची रँच आक्रसली. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं. त्याची घटना लिहिणाऱ्यांत क्लेमही बसले होते. आपला देश संपवणाऱ्या कागदावर आपणच काम करायचं! पुढे विल म्हणायचा की आपले पूर्वज मेफ्लॉवर जहाजातून आले नाहीत, ते किनाऱ्यावर जहाज उतरवून घ्यायला हजर होते. लोक हसायचे. या हसण्याखाली काय आहे, हे क्लेमची हकीकत वाचल्यावर कळतं.

१९०२ मध्ये विल गुरं राखायला अर्जेंटिनाला गेला. तिथे जम बसेना म्हणून दक्षिण आफ्रिकेला गेला आणि एका सर्कशीत ‘चेरोकी किड’ झाला. मग ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड करत घरी परतला आणि न्यूयॉर्कच्या व्हॉडव्हिल रंगमंचावर दोरी घेऊन उभा राहिला. आधी तोंडातून शब्दही काढत नसे. एकदा खेळ समजावून सांगायला त्याने तोंड उघडलं आणि त्याच्या त्या लांबट गावरान हेलाला प्रेक्षक हसले. विलला अपमान वाटला. लोक आपल्याला हसतात, आता बोलायचं नाही, असं त्याने ठरवलं. सहकाऱ्यांनी समजूत घातली की बाबा, हसताहेत तर बोल.

आपल्यातल्या पहिल्या पिढीला या प्रसंगावर वेगळं भाष्य नको. फोनवर तीनदा स्पेलिंग सांगावं लागलेला प्रत्येक जण इथे थोडा थांबेल. विलने हेल सुधारला नाही, उलट त्याच्यावरच घर बांधलं.

झिगफेल्डच्या ‘मिडनाइट फ्रॉलिक’ या खेळात तो आला तेव्हा एक अडचण झाली. तेच प्रेक्षक पुन्हा पुन्हा यायचे, मग जुना विनोद कसा चालणार? त्यावर उपाय म्हणून तो रोज वर्तमानपत्र वाचून त्यातल्याच बातम्यांवर बोलू लागला. तोंडात च्युइंगगम, हातात फिरती दोरी, आणि सुरुवातीला ठरलेलं वाक्य की मला काय कळतंय, पेपरात वाचतो तेवढंच. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याची जातकुळी हीच. वेड पांघरायचं आणि पाटलाला शालजोडीतले हाणायचे.

१९१६ मध्ये बाल्टिमोरला खुद्द अध्यक्ष विल्सन प्रेक्षकांत होते. मेक्सिकोच्या हद्दीवर पांचो व्हियाचा पाठलाग चालला होता. विल घाबरलेला होता, तरी बोलला. आपल्या फौजेने त्याला सीमेपार पाच मैल पिटाळलं, पण पुढे सरकारी लालफीत आडवी आली म्हणून परत फिरावं लागलं, अशा अर्थाचं काहीतरी. सगळ्यांचे डोळे विल्सनकडे. विल्सन हसले, आणि सभागृह मोकळं झालं.

१९२२ पासून त्याचा साप्ताहिक स्तंभ आणि १९२६ पासून रोजचा चार ओळींचा मजकूर देशभर छापला जाई. सिनेमातही तो गाजला. १९३१ मध्ये दुष्काळात होरपळलेल्या ओक्लाहोमा, टेक्सास आणि आर्कान्सासमध्ये त्याने गावोगाव खेळ करून मदतनिधी उभा केला.

एक गोष्ट मात्र झाकू नये. १९३४ मध्ये रेडिओवर त्याने काळ्या लोकांसाठी वापरला जाणारा हीन शब्द उच्चारला आणि काळ्यांच्या वर्तमानपत्रांनी त्याला धारेवर धरलं. क्लेमने एके काळी गुलाम बाळगले होते आणि यादवी युद्धात तो दक्षिणेकडून लढला होता. ज्याची पहिली दोरी डॅन वॉकरच्या हातून आली, त्याच्या तोंडी हा शब्द आला. मुलांना विलच्या गोष्टी सांगताना मी हीसुद्धा सांगतो. थोरल्याने विचारलं, मग तो चांगला होता की वाईट? मी म्हटलं, जेवून घे, मग बोलू. अजून बोलतोच आहोत.

‘न आवडलेला माणूस मला भेटलाच नाही’ अशा अर्थाचं त्याचं वाक्य सगळीकडे छापलेलं दिसतं. ते गुळगुळीत वाटतं, पण मुळात आलं १९२६ मध्ये, ट्रॉट्स्कीबद्दल. रशियाला जाऊनही ट्रॉट्स्कीची भेट झाली नव्हती. भेटला असता, गप्पा झाल्या असत्या, तर तोही आवडला असता, असं विलचं म्हणणं. ज्या माणसाचं नाव काढलं तरी अमेरिकेत लोकांच्या भुवया उंचावत, त्याच्याबद्दल!

१५ ऑगस्ट १९३५ रोजी अलास्कात पॉइंट बॅरोजवळ विमान कोसळून विल आणि वायली पोस्ट दोघेही गेले. आपल्याला ही तारीख वेगळी सांगायला नको. आमच्या मंडळात झेंडावंदनाच्या दिवशी एखादा तरी जुना ओक्लाहोमावासी ही आठवण काढतोच.

टल्सापासून अर्ध्या तासावर क्लेअरमोरला त्याचं स्मारक आहे. टेकडीवरची ती जागा विलने १९११ मध्ये घेऊन ठेवली होती. म्हातारपणी गावाकडे घर बांधायचं म्हणून. आमच्यात पुण्यानाशकाकडे प्लॉट घेऊन ठेवलेले पुष्कळ आहेत, त्यांना हे चटकन कळेल. विलचं घर काही झालं नाही. १९३८ मध्ये तिथे स्मारक उभं राहिलं, आणि १९४४ मध्ये त्याचे अवशेष कॅलिफोर्नियाहून आणून तिथे पुरले. त्याच वर्षी त्याची बायको बेटी वारली. तिलाही शेजारीच जागा दिली.